सांता फेचा उन्हाळा : आधी तारीख, मग तिकीट, मग खरेदी

उन्हाळी सुट्टीचे बेत सुरू झाले की सांता फेबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. फिनिक्स, डॅलस, डेन्व्हरकडे राहणारे वाचक विचारतात, भारतातून आलेल्या आईवडिलांना कुठे न्यावं या विचारात असलेले विचारतात. कधी जावं? ऑपेरा आपल्याला कळेल का? इंडियन मार्केटला तिकीट लागतं का? फिरोजाचा हार खरा की खोटा हे कसं ओळखायचं? मूळनिवासींच्या गावात सणाचा नाच बघायला गेलं तर चालतं का?

हा गोंधळ साहजिक आहे. न्यू मेक्सिको राज्याची ही राजधानी जेमतेम ८७ हजार वस्तीची, पण जूनअखेरपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे एकामागून एक मोठे कार्यक्रम लागलेले असतात. कलाकुसर आणि लोककलेसाठी २००५ मध्ये युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत गेलेलं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. इथला उन्हाळा एका फेरीत आवरत नाही. म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा : एक मुख्य कार्यक्रम निवडा, त्याची तारीख पक्की करा आणि बाकी सगळं त्याभोवती बसवा. विमानाचं स्वस्त तिकीट आधी काढून मग "त्या दिवशी तिथे काय आहे" हे शोधणाऱ्यांची हमखास निराशा होते.

पायरी १ : कोणता आठवडा तुमचा?

मोठे कार्यक्रम दरवर्षी ठरावीक काळात येतात. नेमक्या तारखा त्या त्या आयोजकांच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या. अंदाज बांधायला हा क्रम पुरेसा आहे.

- जूनअखेर ते ऑगस्टअखेर – सांता फे ऑपेरा. १९५७ पासून सुरू. एका हंगामात साधारण पाच ऑपेरा आलटून पालटून होतात.
- जुलैचा पूर्वार्ध – आंतरराष्ट्रीय लोककला बाजार. २००४ मध्ये सुरू झाला, २०२३ पासून रेलयार्ड पार्कमध्ये भरतो. जगभरातले कारागीर स्वतः येऊन विकतात, त्यांत भारतातलेही असतात. प्रवेशाला तिकीट आहे.
- जुलैचा मध्य ते ऑगस्ट – चेंबर म्युझिक फेस्टिव्हल. १९७३ पासून. मैफली सेंट फ्रान्सिस ऑडिटोरियम आणि लेन्सिक या जुन्या सभागृहांत होतात.
- जुलैचा शेवटचा शनिवार-रविवार – स्पॅनिश मार्केट. १९२६ मध्ये सुरू झालेला. संतांच्या लाकडी मूर्ती, रंगवलेले लाकडी फलक, पत्र्याचं नक्षीकाम, लोकरीचं भरतकाम ही इथली खासियत.
- ऑगस्टचा मध्य – इंडियन मार्केट. १९२२ पासून. उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी कलाकारांचा हा बाजार भारतीय वस्तूंचा नाही, हे आईबाबांना आधीच सांगून ठेवा.
- लेबर डेच्या आधीचा शुक्रवार – झोझोब्रा. विल शुस्टर या चित्रकाराने १९२४ मध्ये सुरू केलेली प्रथा. सुमारे ५० फुटी पुतळा वर्षभराच्या दुःखांसकट जाळतात. त्यामागोमाग शहराचा फिएस्टा हा उत्सव येतो.

आता यातून निवड कशी करायची?

संगीत हे मुख्य आकर्षण असेल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा धरा. ऑपेराच्या हंगामात सुरुवातीला एक-दोनच प्रयोग रंगमंचावर असतात. नवे हळूहळू जोडले जातात. ऑगस्ट उजाडेपर्यंत सगळे सुरू झालेले असतात आणि लागोपाठच्या रात्री वेगवेगळे ऑपेरा पाहता येतात. चेंबर म्युझिकही चालूच असतं. स्पॅनिश मार्केट संपलेलं, इंडियन मार्केट यायचं, त्यामुळे गर्दी त्या मानाने कमी. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आणि वयस्कर मंडळी सोबत असणाऱ्यांना मी हाच काळ सुचवीन.

खरेदी आणि कारागीर हे आकर्षण असेल तर लोककला बाजार किंवा इंडियन मार्केट, यांपैकी एक. लोककला बाजार एका बागेत बंदिस्त जागी भरतो, त्यामुळे लहान मुलं आणि आजीआजोबांना सोपा. इंडियन मार्केट शहराच्या मध्यावरच्या प्लाझा या चौकातून आजूबाजूच्या रस्त्यांवर पसरतो; शेकडो कलाकार, भरपूर चालणं, डोक्यावर ऊन.

झोझोब्राला जायचं असेल तर हे समजून जा : फोर्ट मार्सी पार्कच्या मैदानात हजारोंच्या गर्दीत कित्येक तास उभं राहायचं असतं, पुतळा रात्री पेटतो आणि नंतर गावाबाहेर पडायला वेळ लागतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा कार्यक्रम नव्हे. फिएस्टाबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. पुएब्लो मूळनिवासींच्या १६८० च्या उठावात हाकलले गेलेले स्पॅनिश १६९२ मध्ये परतले, त्याची ही आठवण. साहजिकच मूळनिवासींचा फिएस्टातल्या काही भागांना विरोध होता, आणि स्पॅनिशांच्या पुनःप्रवेशाचा देखावा २०१८ पासून बंद झाला आहे.

पायरी २ : मुक्काम आणि प्रवास

तारीख ठरली की सर्वांत आधी खोली. इंडियन मार्केटच्या आठवड्यात प्लाझाजवळच्या खोल्या कित्येक महिने आधी संपतात आणि उरलेल्यांचे दर गगनाला भिडतात. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत.

- प्लाझापासून चालत जाण्याच्या अंतरावर : महाग, पण गाडी काढावी लागत नाही. वयस्कर मंडळींना दुपारी परत येऊन पडता येतं, ही मोठी सोय.
- सेरिलोस रोडवरची हॉटेलं : मध्यम दर, गाडी हवी.
- अल्बुकर्की, एस्पान्योला किंवा लॉस अलामोस : स्वस्त पडू शकतं. ऑपेरा शहराच्या उत्तरेला असल्याने एस्पान्योलाकडून जाणं उलट सोयीचं. अल्बुकर्कीला राहिलात तर रात्रीच्या प्रयोगानंतर तासाभराहून अधिक गाडी चालवायची तयारी ठेवा.

येण्याचे मार्ग असे :

- विमान : अल्बुकर्कीचा विमानतळ मोठा, तिथून सांता फे साधारण ६५ मैल. सांता फेलाही छोटा विमानतळ आहे, पण उड्डाणं मोजकी.
- रेल रनर : अल्बुकर्कीहून सांता फेच्या रेलयार्डपर्यंत येणारी लोकल गाडी. सुमारे दीड तास. बाजाराच्या दिवशी पार्किंगची कटकट टळते. शेवटची गाडी किती वाजता हे आधी पाहा. ऑपेराच्या रात्री तिचा सहसा उपयोग होत नाही.
- गाडी : डेन्व्हरहून साधारण सहा तास, फिनिक्सहून सात-आठ तास. डॅलसहून एक सबंध दिवस जातो.

इथे लोक अडकतात :

- ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, न्यू मेक्सिकोत करतात. फिनिक्सहून येणाऱ्यांचा एक तास वाटेतच जातो. ऑपेराच्या दिवशीच गाडीने येणार असाल तर हा तास हिशेबात धरा.
- भारतातून आलेल्या आईवडिलांचा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत नव्हे, सोबत ठेवा. १८ वर्षं व त्यावरील वयाच्या परदेशी नागरिकांनी इमिग्रेशन नोंदणीची कागदपत्रं जवळ बाळगावीत असा कायदाच आहे. एल पासोकडून आय-२५ ने वर येणाऱ्यांना लास क्रूसेसच्या उत्तरेला सीमा गस्ती दलाचा नाका लागतो.

पायरी ३ : ऑपेरा – कळेल का, झेपेल का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर "हो" आहे, थोडी तयारी केलीत तर. प्रत्येक खुर्चीपुढे, म्हणजे पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, छोटा पडदा असतो. त्यावर गाण्याचा मजकूर इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये वाचता येतो. त्यामुळे इटालियन-जर्मन न कळल्याने काही अडत नाही. तिकीटधारकांसाठी प्रयोगाआधी परिचयपर व्याख्यान असतं. त्याला जरूर बसा.

निवड कशी करावी :

- पहिलाच ऑपेरा असेल तर मोझार्ट, पुच्चिनी किंवा व्हर्दी घ्या. गोष्ट सोपी, चाली कानात बसणाऱ्या.
- लांबी पाहा. प्रयोग जुलैत साधारण साडेआठला, ऑगस्टमध्ये आठला सुरू होतात. साडेतीन तासांचा ऑपेरा संपायला मध्यरात्र होते. मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील तर छोटा प्रयोग निवडा.
- मुलांना घेऊन जाण्याआधी कथानक वाचा. खून, विष आणि आत्महत्या यांना ऑपेरात तोटा नाही.
- खिसा आवळायचा असेल तर उभ्याने पाहण्याची तिकिटं सर्वांत स्वस्त. शिकाऊ गायक ऑगस्टमध्ये निवडक प्रवेश सादर करतात, त्यांचे दरही कमी असतात. या शिकाऊंची निवड देशभरातून होते, त्यामुळे गाणं कच्चं असेल ही भीती बाळगू नका.

जागा घेताना : सध्याचं प्रेक्षागृह १९९८ चं. वर छप्पर आहे, पण बाजू उघड्या. सूर्य रंगमंचामागे पश्चिमेला मावळतो, आणि अनेक दिग्दर्शक तो प्रकाश प्रयोगात धरतात. पण याच उघड्या बाजूंनी वारा आणि पावसाचे शिंतोडेही येतात. आईवडिलांसाठी कडेच्या खुर्च्या टाळून मधल्या घ्या. पायऱ्या चढणं जमत नसेल तर तिकीट काढतानाच तसं सांगा.

त्या दिवशी :

- प्रेक्षागृह शहराच्या उत्तरेला, सुमारे सात मैलांवर, महामार्गालगत आहे. सुरुवातीआधीच्या तासात रस्ता तुंबतो. उशिरा येणाऱ्याला लगेच आत सोडत नाहीत.
- दोन-अडीच तास आधी पोहोचा आणि डबा न्या. पार्किंगमध्येच गाडीमागे टेबल मांडून जेवायची इथे जुनी रीत आहे. कोणी मेणबत्त्या लावून साग्रसंगीत जेवतं, कोणी सँडविच खातं. तुम्ही पुरी-भाजी खाल्लीत तर शेजारी चव मागायला येतील, एवढंच.
- कपड्यांचं बंधन नाही. साडी नेसणार असाल तर वर जाड शाल आणि पायात सपाट चप्पल हवी. रात्री पारा १५ अंशांच्या खाली जाऊ शकतो, म्हणून जाकीट प्रत्येकाला हवंच.
- छत्री मागच्याच्या आड येते. रेनकोट न्या.

पायरी ४ : इंडियन मार्केटमध्ये कसं फिरायचं

हा बाजार भरवणारी संस्था कलाकारांची निवड करते, आणि विकणारा बहुतेक वेळा स्वतः कलाकारच असतो. मध्ये दलाल नाही, हे या बाजाराचं खरं मोल. रस्त्यावरच्या मांडवांत फिरायला सर्वसाधारणपणे पैसे पडत नाहीत. आधीच्या दिवसांतल्या खास पूर्वदर्शनांना आणि फॅशन शोसारख्या कार्यक्रमांना तिकीट असतं.

1. आदल्या दिवशी नकाशा पाहा. प्रत्येक कलाकाराला ठरलेला क्रमांक असतो. माती, विणकाम, दागिने, चित्रं यांतलं काय बघायचं ते ठरवून मांडवांवर खुणा करून ठेवा.
2. शनिवारी सकाळी लवकर जा. शुक्रवारी बक्षिसं जाहीर होतात आणि नामांकित कलाकारांच्या वस्तू शनिवारी पहिल्या तासा-दोन तासांत उचलल्या जातात. नुसतं बघायचं आणि बोलायचं असेल तर रविवार बरा.
3. रोख आणि कार्ड दोन्ही ठेवा. बहुतेकजण कार्ड घेतात, पण गर्दीत नेटवर्क रखडतं. किमतीवर विक्रीकर वेगळा लागू शकतो, तो विचारून घ्या.
4. फोटो काढण्याआधी विचारा. माणसाचाच नव्हे, वस्तूचाही. नक्षी हे त्या कलाकाराचं भांडवल आहे.
5. घासाघीस करू नका. आपल्या रक्तातच आहे, कबूल. पण इथे तो अपमान समजला जातो. एका भांड्यामागे माती खणून आणणं, भिजवणं, वळ्या रचून आकार देणं, दगडाने घोटणं आणि उघड्यावर भाजणं असतं, आणि भाजताना भांडं तडकलं की सगळी मेहनत वाया जाते. किंमत झेपत नसेल तर छान म्हणून पुढे जा. त्याच कलाकाराकडे अनेकदा छोटं भांडं, छापील चित्र किंवा कार्ड असतं.

बाजार नसताना : प्लाझाच्या उत्तर बाजूला १६१० च्या सुमाराची पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स ही वास्तू आहे. तिच्या ओसरीत मूळनिवासी विक्रेते वर्षभर बसतात. तिथे जागा चिठ्ठ्या टाकून मिळते, वस्तू विक्रेत्याने किंवा त्याच्या घरच्यांनी बनवलेली असावी लागते आणि तिच्यावर कर्त्याची खूण असावी लागते. नियम कडक असल्याने नवख्या ग्राहकाला ही जागा सुरक्षित.

खरं-खोटं : पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

"सेमी पैठणी" म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. इथल्या दुकानांत "नेटिव्ह स्टाइल", "साउथवेस्टर्न स्टाइल" असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तोच. वस्तू वाईट असेलच असं नाही, पण ती मूळनिवासी कलाकाराने बनवलेली नाही आणि किंमत त्या हिशेबाने असावी.

दागिन्यांसाठी :

- कोणी बनवलं? कलाकाराचं नाव आणि जमात कोणती?
- चांदी स्टर्लिंग आहे का? ९२५ चा शिक्का पाहा. "जर्मन सिल्व्हर"मध्ये चांदी नसते.
- फिरोजा नैसर्गिक की स्थिर केलेला? मऊ खड्यात राळ भरून तो टिकाऊ करतात. ते चालतं, पण सांगायला हवं. भुकटी आणि राळ मिसळून बनवलेले ठोकळे स्वस्त असतात. हाउलाइट हा पांढरा दगड रंगवूनही फिरोजा म्हणून खपवतात.

मातीच्या भांड्यांसाठी :

- हाताने वळ्या रचून बनवलं की साच्यात ओतलं? आतून हात फिरवा. साच्यातलं भांडं आतून एकसारखं गुळगुळीत आणि जाडीला सारखं असतं.
- वापरायचं की ठेवायचं? सान इल्देफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ यांनी जगभर पोहोचवलेली काळ्यावर काळी नक्षी असलेली भांडी शोभेची आहेत. त्यांत पाणी किंवा फुलं ठेवलीत तर भांडं गेलं म्हणून समजा. स्वयंपाकाचं हवं असेल तर चमचमत्या अभ्रकी मातीचं भांडं मागा, आणि विकणाऱ्याकडून त्यात शिजवता येईल याची खात्री करून घ्या.

हे घेऊ नका :

- गरुडाची पिसं, आणि इतर बहुतेक रानपक्ष्यांचीही. १९१८ आणि १९४० च्या पक्षीसंरक्षण कायद्यांमुळे ती विकत घेणं किंवा जवळ ठेवणं गुन्हा ठरू शकतो. जमातीच्या सदस्यांना असलेली सवलत तुम्हाला लागू नाही.
- "जुनं", "उत्खननातलं", "धार्मिक विधीतलं" म्हणून कोणी दाखवलेली वस्तू. मूळनिवासींच्या वारशाच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर २०२२ च्या कायद्याने निर्बंध आले आहेत. विक्रीसाठी बनवलेल्या आजच्या कलावस्तूंना अडचण नाही. आईवडील भारतात नेणार असतील तर पावती सामानासोबत द्या आणि भारतीय सीमाशुल्काची त्या वेळची मर्यादा पाहून घ्या.

पुएब्लोच्या सणाला जाताना

न्यू मेक्सिकोत मूळनिवासींची १९ पुएब्लो, म्हणजे गावं, आहेत आणि प्रत्येकाचं स्वतःचं सरकार आहे. त्यांच्या ग्रामसणांपैकी काहींना बाहेरच्यांना येऊ देतात. उन्हाळ्यातले जवळचे दिवस : २४ जून ओके ओविंगे, १४ जुलै कोचिती, ४ ऑगस्ट केवा (म्हणजेच सांतो दोमिंगो), १२ ऑगस्ट सांता क्लारा. तारखा ठरलेल्या असतात, त्यामुळे आठवड्याचा कोणताही वार येऊ शकतो. गाव बाहेरच्यांसाठी बंद ठेवण्याचा अधिकार गावाला आहे, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

हा नाच प्रार्थना आहे. प्रेक्षकांसाठी बसवलेला कार्यक्रम नाही. पुढचे सगळे नियम यातूनच येतात.

- फोटो, व्हिडिओ, ध्वनिमुद्रण, चित्र काढणं बंद. फोन गाडीतच ठेवा. नियम मोडल्यास तो जप्त होऊ शकतो.
- टाळ्या वाजवू नका. नाचणाऱ्यांना मधेच प्रश्न विचारू नका. चौक मधून ओलांडू नका.
- पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या गावकऱ्यांच्या असतात. स्वतःची घडीची खुर्ची नेऊन मागे बसा.
- कीवा या विधीगृहात, दफनभूमीत किंवा घरांच्या गच्च्यांवर जाऊ नका.
- मद्य बिलकूल नको.
- कोणी घरी जेवायला बोलावलं तर जा, थोडं खा, आभार माना आणि लवकर उठा. बाहेर पुढची पंगत थांबलेली असते. बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात शिरू नका.

हवा, तब्येत, जेवण

उंची. शहर सुमारे ७,००० फुटांवर आहे. पहिल्या दिवशी धाप लागणं, डोकं दुखणं, झोप न लागणं हे अनेकांना होतं. पहिला दिवस मोकळा ठेवा, पाणी भरपूर प्या, मद्य टाळा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

पाऊस. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथेही मॉन्सून असतो. सकाळ निरभ्र, दुपारी गडगडाट आणि तासभर सर. म्हणून उघड्यावरचं फिरणं सकाळी, संग्रहालयं दुपारी. म्युझियम हिलवरचं आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालय दुपारसाठी उत्तम. अलेक्झांडर जिरार्ड यांच्या तिथल्या प्रचंड संग्रहातली भारतीय खेळणी पाहून आजीआजोबा खुलतात. जॉर्जिया ओकीफ संग्रहालयाचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढा.

जेवण. "लाल की हिरवी?" असं विचारलं तर ते मिरचीच्या रस्स्याबद्दल असतं, दोन्ही हव्या असतील तर "ख्रिसमस" म्हणा. शाकाहारींनी तीन गोष्टी विचाराव्यात : घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी आहे का, लाल रस्सा मांसाच्या पाण्यात शिजवलाय का, आणि पोसोले या मक्याच्या रस्स्यात मांस आहे का (बहुधा असतंच). निळ्या मक्याची तोर्तिया आणि मधाबरोबरची सोपापिया ही फुगीर पुरी चालू शकते, पण तीही कोणत्या तेलात तळली ते विचारा. शनिवारी सकाळी रेलयार्डच्या शेतकरी बाजारात फळं आणि ताज्या भाज्या मिळतात.

तुमचे हक्क

- पूर्ण किंमत दिसण्याचा. मे २०२५ पासूनच्या संघीय नियमानुसार कार्यक्रमांची तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या विकणाऱ्यांनी सक्तीच्या शुल्कासकट एकूण रक्कम सुरुवातीलाच दाखवली पाहिजे. सरकारी कर वेगळे असू शकतात. शेवटच्या पानावर "रिसॉर्ट फी" उगवली तर त्याच पडद्याचा फोटो काढून ठेवा.
- विमानाचं तिकीट रद्द करण्याचा. उड्डाणाला सात किंवा अधिक दिवस असताना थेट विमान कंपनीकडे काढलेलं तिकीट २४ तासांत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळतात. काही कंपन्या त्याऐवजी पैसे न घेता जागा २४ तास राखून ठेवण्याची सोय देतात.
- चाकाच्या खुर्चीच्या जागेचा. अपंगहक्क कायद्यानुसार अशी जागा इतरांसारख्याच पद्धतीने आणि त्याच श्रेणीच्या दरात विकली पाहिजे. उपलब्ध असल्यास सोबतच्यांसाठी शेजारच्या तीन खुर्च्यांपर्यंत मागता येतात.
- खरी वस्तू मिळण्याचा. इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट, १९९० नुसार मूळनिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे. हजार डॉलर किंवा अधिकच्या विक्रीत पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीस अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. फिलिपिन्समधले दागिने मूळनिवासींचे म्हणून विकणाऱ्या अल्बुकर्कीच्या एका व्यापाऱ्याला २०१८ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली.

फसवणूक झाली तर : आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर अमेरिकी अंतर्गत व्यवहार खात्याच्या (डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियर) इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्डाकडे तक्रार करा. ती ऑनलाइन करता येते. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील आणि ठरलेली वस्तू मिळाली नसेल, तर ती रक्कम दाखवणारं पहिलं स्टेटमेंट पाठवलं गेल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीकडे लेखी हरकत नोंदवा. या दोन्ही ठिकाणी तुमचं सगळं बळ पावतीत आहे. तिच्यावर कलाकाराचं नाव, जमात, धातू, खडा आणि तो नैसर्गिक की प्रक्रिया केलेला हे लिहून घ्या. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

पाऊस आला म्हणून पैसे परत मिळतील, हा हक्क मात्र नाही. ऑपेराचा प्रयोग पावसातही होतो. न जमल्यास तिकीट बदलून मिळेल का, त्याला किती शुल्क आणि शेवटची मुदत कोणती, हे काढतानाच वाचा. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या; शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा अनेकदा जादा दराने पुनर्विक्री करणाऱ्याचा असतो.

कामांचा क्रम

1. आठ-दहा महिने आधी : मुख्य कार्यक्रम आणि आठवडा ठरवा. रद्द करता येईल अशा अटीवर खोली घ्या.
2. चार-सहा महिने आधी : ऑपेरा, लोककला बाजाराची तिकिटं. विमान.
3. एक महिना आधी : गाडी, संग्रहालयांच्या वेळा, ज्येष्ठांची डॉक्टरांशी भेट.
4. एक आठवडा आधी : बाजाराचा नकाशा, पुएब्लो खुलं आहे का याची चौकशी, खरेदीचा आकडा. तो आकडा घरात सर्वांसमक्ष ठरवा. चांदी-फिरोजासमोर उभं राहून ठरवलेला आकडा टिकत नाही.
5. निघताना : पासपोर्ट, औषधं, जाकिटं, रेनकोट, घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. आणि दिवसाला एकच मोठा कार्यक्रम, या अटीवर घरातल्या सगळ्यांची संमती.